पोहण्याच्या तलावासाठी लाकडावरचा बंब : सुरक्षित कसा बांधायचा?

थंडी पडली की जुन्नर, मुळशी, इगतपुरी, महाबळेश्वर अशा डोंगराकडच्या तालुक्यांतल्या कृषी पर्यटन केंद्रांवर एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. पाहुणे हुरडा खातात, बैलगाडीत बसतात, पण पोहण्याच्या तलावात पाय घातला की लगेच बाहेर काढतात. मग कुणीतरी सुचवतं, शेतात बाभळीचं लाकूड पडलंय, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, बॅरलमध्ये पाईपची गुंडाळी टाकू आणि पाणी तापवू. कल्पना चुकीची नाही, पण ज्या पद्धतीनं ती बहुतेक ठिकाणी अमलात येते ती पद्धत माणसं भाजणारी आहे. तलावासाठी लाकडावरचा बंब कसा असावा, कुठे धोका असतो आणि मुळात तो परवडतो का, याची माहिती या लेखात देत आहोत.

आधी हिशोब, मग वेल्डर

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण ३,५०० किलोकॅलरी निघते, ओल्या लाकडातून जेमतेम निम्मी. गावात बांधलेल्या चांगल्या भट्टीत त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली तरी पुष्कळ झालं. म्हणजे हातात पडतात किलोमागे १,७५० किलोकॅलरी.

आता ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलाव घ्या. त्यात ४० हजार लिटर पाणी मावतं. ते २० अंशांवरून २७ वर न्यायचं तर २ लाख ८० हजार किलोकॅलरी, म्हणजे १६० किलो वाळलेलं लाकूड. ३० किलोवॉटचा बंब तासाला सुमारे १५ किलो लाकूड खातो आणि हे काम करायला जवळपास ११ तास घेतो. एवढं करून रात्री तलाव उघडा राहिला आणि पाणी दोनच अंशांनी उतरलं, तरी सकाळी आणखी ४५ किलो लाकूड जाळावं लागेल.

त्यामुळे आमचं स्पष्ट मत असं, की मोठा तलाव रोज लाकडावर तापवायच्या भानगडीत पडू नये. त्याला आधी आच्छादन घाला, कारण तलावाची सगळ्यात जास्त उष्णता वाफ होऊन वरूनच जाते. दिवसा उन्हाचा उपयोग करायचा तर छपरावर काळे पाईप किंवा सोलर पॅनेल बसवा. लाकडाचा बंब शोभतो तो छोट्या कुंडाला. २ हजार लिटरचं कुंड २० वरून ३८ अंशांवर न्यायला २० ते २१ किलो लाकूड आणि दीड तास पुरतो. चार पाहुणे संध्याकाळी त्यात बसले तर त्यांना उन्हवऱ्याच्या कुंडाची आठवण येईल. तिथे हे काम जमीन फुकट करते, आपल्याकडे करवत चालवावी लागते.

आजीचा बंब का फुटत नव्हता?

पुण्याच्या तांबट आळीत घडलेले तांब्याचे बंब अजूनही कितीतरी वाड्यांत आहेत. मधोमध धुराची नळी, खाली जाळी, भोवती पाणी. या भांड्याची खरी हुशारी त्याच्या तोंडात आहे. पाणी ओतायचं तोंड कायम उघडं, किंवा वर नुसतं सैल झाकण. पाणी उकळलं तर वाफ वरून निघून जाते, आत दाब साठतच नाही. गुऱ्हाळाची काहील दिवसभर रटरटते पण फुटत नाही, तेही याच कारणानं.

पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. भांडं बंद असेल तर ही जागा मिळत नाही आणि दाब चढतो. शिवाय दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळतच नाही. हवेच्या दाबावर आणखी एक किलोचा दाब असला तर ते १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं, आणि पत्रा फाटला की त्यातल्या काहीची एका क्षणात वाफ होते. त्यालाच आपण स्फोट म्हणतो. बंद पिंपाला आत येणारा एक पाईप, बाहेर जाणारा एक पाईप आणि दोन्हीवर व्हॉल्व्ह अशी रचना कुणी दाखवली तर तिला हात जोडावेत. दोन्ही व्हॉल्व्ह कधीच एकदम बंद होणार नाहीत असं बसवणारा सांगेल. पण सुट्टीच्या दिवशी, बदली आलेल्या गड्याच्या हातून, ते एकदम बंद होतात.

वीज जाते, विस्तव जात नाही

दुसरी लोकप्रिय रचना म्हणजे पाईपची गुंडाळी थेट जाळात ठेवायची आणि पंपानं त्यातून तलावाचं पाणी फिरवायचं. बनवायला सोपी, स्वस्त, आणि पंप चालू आहे तोवर झकास चालते. पण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा आहे का? वीज गेली की पंप थांबतो आणि गुंडाळीतलं पाणी जागच्या जागी उभं राहतं. खाली विस्तव तसाच. काही सेकंदांत त्या पाण्याची वाफ होते आणि ती उकळतं पाणी पुढे ढकलत तलावाच्या तोंडातून बाहेर फेकते. नेमकं तिथंच, गरम पाणी येतं म्हणून, पोरं गर्दी करून बसलेली असतात. पुढे गुंडाळी कोरडी पडून लाल होते. अशात वीज आली आणि पंप आपोआप सुरू झाला तर लाल धातूवर थंड पाणी पडतं. तेव्हा सांधे उखडतात, वाफेचा भपका येतो.

गॅस गिझर आणि लाकडाचा बंब यात हाच मोठा फरक. गॅस एका क्षणात तोडता येतो, दहा किलो पेटलेलं लाकूड तोडता येत नाही. म्हणून पंप बंद पडला तर काय होईल, हा प्रश्न रचनेच्या अगदी सुरुवातीला विचारायचा असतो.

उघडी टाकी, आत गुंडाळी

सुरक्षित रचना अशी. ४०० लिटरची एक उघडी टाकी, तिच्या पोटात किंवा खाली भट्टी. टाकीतलं पाणी तलावाशी जोडलेलं नाही, ते तिथंच राहतं आणि तापतं. त्या गरम पाण्यात तांब्याच्या पाईपची गुंडाळी बुडवलेली, आणि तलावाचं पाणी पंपानं त्या गुंडाळीतून फिरतं. जाळ गुंडाळीला शिवत नाही. जाळ आणि गुंडाळी यांच्यामध्ये कायम पाणी असतं, आणि उघड्या टाकीतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळतं.

पंप थांबला तर? भट्टीत दहा किलो लाकूड आहे असं धरू. त्यातून पाण्यात येणार १७,५०० किलोकॅलरी. ४०० लिटर पाणी ८० अंशांवरून उकळीला येईपर्यंत त्यातले ८,००० जातात. उरलेल्या ९,५०० मध्ये फार तर १८ लिटर पाण्याची वाफ होईल, कारण उकळत्या पाण्याच्या एका लिटरची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. ४०० मधले १८ लिटर गेले, टाकी थोडी खवळली, वाफ वर गेली, संपलं. कुणी धावत जाऊन काही करण्याची गरज नाही. यासाठी भट्टी मुद्दाम लहान ठेवायची. एका वेळी दहा किलोपेक्षा जास्त लाकूड मावणारच नाही इतकीच. दर ४० मिनिटांनी लाकूड घालायला माणूस लागेल, पण तो तसाही तिथे असायलाच हवा.

टाकीला झाकण सैल ठेवावं, नटबोल्टनं आवळू नये. पाऊसपाण्यासाठी बंद छत हवंच असेल तर दोन इंची किंवा त्याहून मोठा पाईप सरळ वर काढावा. त्याला व्हॉल्व्ह नको, जाळी नको, वाकडं वळण नको, आणि त्याचं तोंड माणसांच्या वाटेकडे नको. पाणी कमी झालं की आपोआप भरायला बॉल कॉक लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात वरची टाकीच कोरडी असते तेव्हा बॉल कॉक बिचारा काय करणार. बाहेरून पातळी दिसेल अशी काचेची नळी हवी आणि भट्टीच्या माथ्यावर निदान सहा इंच पाणी उभं हवं. आधी पाणी, मग काडी, हा क्रम मोडायचा नाही. आणि टाकी कोरडी होऊन भट्टीचा पत्रा तापलेला दिसला तर घाबरून वरून पाण्याची बादली ओतू नका. हवेचं दार बंद करा, शक्य असेल तर विस्तव राखेच्या दारातून लांब दांड्याच्या फावड्यानं ओढून घ्या, आणि थंड होऊ द्या.

गुंडाळीचं माप बहुतेक जण डोळ्यांनीच ठरवतात. ३० किलोवॉटसाठी २२ मिलिमीटरचा तांब्याचा पाईप सुमारे २० मीटर लागतो. तो एकाच लांब गुंडाळीत घेऊ नका. पाणी ताशी पाच हजार लिटरनं फिरवायचं असतं, ते एका पाईपमधून ढकलताना पंपाचा दम निघतो आणि वेगानं तांबंही झिजतं. सात-सात मीटरच्या तीन गुंडाळ्या समांतर जोडा. पाण्याचं तापमान एका फेरीत पाच अंशांनीच वाढावं. ‘नळाला चटका बसेल इतकं गरम’ ही इथे चांगली खूण नाही. तसं पाणी येत असेल तर प्रवाह कमी पडलाय, बहुधा फिल्टर तुंबलाय, असं समजा. प्रवाह मिनिटाला दहा लिटरवर आला तर तेच पाणी साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतं.

तलावाकडे जाणाऱ्या पाईपवर व्हॉल्व्ह अजिबात नको. येणाऱ्या बाजूला एक असला तर चालेल. दुरुस्तीच्या वेळी तलावाच्या तोंडाला बूच मारून काम भागतं. टाकीपासून पहिले दोन-तीन मीटर धातूचा पाईप वापरा, पुढे सीपीव्हीसी. साधा शेतीचा पीव्हीसी पाईप साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, वाकतो आणि सांध्यातून निसटतो.

वीज परत आल्यावर गुंडाळीत अडकलेलं सहा-सात लिटर उकळतं पाणी पहिल्या लोंढ्यात तलावात येतं, हे लक्षात ठेवा. म्हणून गरम पाण्याचं तोंड तळाजवळ, जाळीआड, बसायच्या पायऱ्यांपासून दूर असावं. पंप आपोआप सुरू होऊ नये, माणसानं बघून बटण दाबावं. मिनिटभर पंप चालल्यावरच लोकांनी पाण्यात उतरावं.

पत्रा, बॅरल आणि जुनं सिलिंडर

भट्टीचा पत्रा किमान ५ मिलिमीटरचा साधा लोखंडी, बाहेरच्या टाकीला ३ पुरतो. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा जाळात वापरू नका. त्याच्या धुरानं, आणि वेल्डिंग करतानाच्या धुरानंही, माणसाला थंडी वाजून ताप भरतो. तेलाची किंवा औषधाची जुनी बॅरल कापताना आतल्या वाफा पेटून स्फोट होतो, हे प्रत्येक वेल्डरला ठाऊक असतं आणि तरीही घाईत विसरलं जातं. घरगुती गॅसचं सिलिंडर कापून भट्टी करणं तर धोक्याचंही आणि बेकायदाही, कारण सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचं असतं.

बोअरचं पाणी जड असेल तर टाकीत खडू साचतो. बंबाच्या तळाला बसणारी पांढरी खपली तीच. ती जाड झाली की पत्रा तापतो, पाणी तापत नाही. टाकीतलं पाणी बाहेर जात नसल्यानं इथे हा त्रास कमी होतो. शक्य तर टाकी पावसाच्या साठवलेल्या पाण्यानं भरा. वर्षातून एकदा झाकण काढून खरवडता येईल असं तोंड मात्र ठेवाच.

धूर कुठे जाईल?

धुराडं सहा इंची, साडेतीन-चार मीटर उंच, जवळच्या छपराच्या आढ्यापेक्षा दोन-तीन फूट वर. टोकाला ठिणगी अडवणारी जाळी, आणि ती दर आठवड्याला झटकायची, नाहीतर काजळीनं बंद होते. ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि एक दिवस तो थरच पेट घेतो. तोडल्यानंतर किमान सहा महिने, पावसापासून झाकून वाळलेलं लाकूडच वापरा. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी चांगली. तुराट्या आणि पऱ्हाट्या भुरकन पेटतात, पेटवायला ठीक, पण त्यांच्यावर तलाव तापत नाही आणि ठिणग्या फार उडतात. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, ठिबकच्या नळ्या, टायर काही घालू नका. कण्हेरीचं सरपणही नको, तिचा धूर विषारी असतो. आणि बांधावरचा आंबा, चिंच, जांभूळ, साग सरपणासाठी तोडायचा विचार असेल तर आधी वृक्षतोडीची परवानगी लागते.

बंब कायम उघड्यावर, तीन बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये. शेडला पत्र्याचं छप्पर, गवताचं नाही. कडब्याची गंजी, उसाचं पाचट, झापांची खोली यांपासून निदान ५० फूट. वाऱ्याची नेहमीची दिशा बघून तलावाच्या पलीकडच्या बाजूला ठेवा.

न्हाणीघरात किंवा बंद खोलीत बंब ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. लोक धूर दिसतोय तोवर दार उघडं ठेवतात आणि निखारे झाले, धूर थांबला की बंद करतात. खरं तर निखाऱ्यांच्या वेळीच हा वायू जास्त निघतो. डोकं दुखणं, मळमळ, पाय गळणं ही पहिली लक्षणं. माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावं.

टीसीएल आणि तलावाचं पाणी

कोमट पाण्यात जंतू लवकर वाढतात, त्यामुळे गरम कुंडाला क्लोरीन थंड तलावापेक्षा जास्त वेळा तपासावं लागतं. लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. पीएच त्याखाली घसरला की तांब्याची गुंडाळी झिजते आणि पाण्याला हिरवट झाक येते. तसं दिसलं तर गुंडाळी बदलण्याआधी पाणी तपासा.

टीसीएल पावडर बंबाच्या शेडमध्ये ठेवायची नाही. सरपण, डिझेल, रॉकेल, ऑइल यांच्याशी तिचा संबंध आला तर ती स्वतःहून पेट घेऊ शकते. तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या आणि टीसीएल एकाच डब्यात मिसळणं तर स्फोटाला आमंत्रण. दोन्हींचे डबे, मापं वेगळी ठेवा.

विजेचा भाग थोडक्यात : पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट केलेली अर्थिंग, दोन्ही हवंच. बंबाची धातूची टाकी आणि पाईपही अर्थला जोडून घ्या. पाणी कमी तापलं म्हणून कुंडात हीटरचा रॉड सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाहुण्यांसाठीचे नियम

कुंडाचं पाणी ४० अंशांच्या वर कधीच नको. लहान मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी त्याहून बरंच कमी. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि दारू पिऊन तर कुणीच उतरू नये. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यावं. तरंगता थर्मामीटर स्वस्त मिळतो, तो कुंडात कायम असू द्या. हातानं बघितलेलं तापमान बघणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं, आणि रोज चुलीपाशी असणाऱ्या मावशींच्या हाताला ४५ अंश कोमटच वाटतात.

बंबाभोवती चार फुटी कुंपण आणि कडी आतून. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजतं, आणि बंबाच्या टाकीत तर ८०-९० अंशांचं पाणी असतं. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

परवाना लागतो का?

बाष्पकांचा १९२३ चा कायदा जाऊन आता २०२५ चा आला आहे. पाणी १०० अंशांच्या खाली तापवणारं किंवा एक किलोपेक्षा कमी दाबाचं भांडं बाष्पकाच्या व्याख्येत येत नाही. उघड्या टाकीचा बंब त्यामुळे बाहेर राहतो. बंद, दाबाची टाकी केलीत तर मात्र प्रश्न उभा राहतो आणि बाष्पके संचालनालयाकडे विचारणा करावी लागते. पर्यटन केंद्राचा विमा असेल तर बंब बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

पहिली पेटवणी

बंब बांधून झाला की पाहुणे नसताना एक दिवस काढा. टाकी भरा, गळती बघा. भट्टी पूर्ण भरून पेटवा, पाणी ८० अंशांवर येऊ द्या आणि मग मुद्दाम मेन स्विच पाडा. लांब उभं राहून अर्धा तास बघा. टाकी उकळेल, वाफ वर जाईल, पातळी इंचभर उतरेल. झाकण उडालं, पाईप वाकला, तलावाच्या तोंडातून उकळतं पाणी आलं किंवा पातळी भट्टीच्या माथ्यापर्यंत गेली, यातलं काहीही झालं तर बंब वेल्डरकडे परत. पैसे देण्याआधी ही चाचणी करायची, हे काम सांगतानाच त्याला सांगून ठेवा.